चिबड

“काय दिसतंय तुम्हाला तिथे?”

एवढंच विचारलं होतं त्याने. ऑगस्टची एकतिसावी तारीख, सकाळचे साडेसहा वाजले असतील. फेन लेनच्या कडेला गवतात मी ट्रायपॉड रोवून उभी होते. हा रस्ता रोमन लोकांनी आखलेला, लेस्टरहून पश्चिमेकडे जाणारा आणि अजूनही बराचसा सरळ. अधूनमधून एखादा ट्रक जायचा, त्याच्या वाऱ्याने ट्रायपॉडचे पाय थरथरायचे, मग पुन्हा शांतता. समोर काळी पडलेली फील्ड बीन्स उभी होती, म्हणजे आपल्या बाकल्याच्या जातीतलं पीक. ते काढणीला आलं की अख्खं शेत जळाल्यासारखं काळं दिसतं आणि वाऱ्यावर शेंगा खुळखुळतात. मागून एक मळकी जीप येऊन थांबली. काच खाली झाली. “ऑलराइट, मी डक?” या भागात ओळखी-अनोळखी कुणालाही अशीच मायेने हाक मारतात. गाडी बंद पडली का, असं त्याला विचारायचं होतं. नाही म्हटलं, फोटो काढतेय. त्याने शेताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, पुन्हा शेताकडे. शेत त्याचंच होतं. “कशाचा?” आणि मग तो प्रश्न. अठरा वर्षं मी या मुलखात कॅमेरा घेऊन फिरतेय, इथे कोण कोणाविरुद्ध लढलं ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, आणि तरी मला उत्तर सुचलं नाही. तो खाली उतरला, कॅमेऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावला, फोटोच्या एका कोपऱ्यावर मातीने भरलेलं बोट ठेवलं, एक वाक्य बोलला आणि निघून गेला. स्क्रीनवर त्याच्या बोटाचा ठसा राहिला. त्या ठशाकडे मी नंतर येते. कारण हे सगळं सुरू झालं ते तिथून तीन किलोमीटरवरच्या एका टेकडीवर.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही २००६ मध्ये लेस्टरला आलो. पहिल्या वर्षी मला शहर आवडलं आणि आकाश आवडलं नाही. बेलग्रेव्ह रोडवर गेलं की गाठिया, जिलेबी, कडीपत्ता, सगळं मिळायचं. पण दुपारी चारला अंधार पडायचा आणि घरात बसून माझा जीव घुसमटायचा. म्हणून एक जुना कॅमेरा घेतला आणि रविवारी सकाळी गावाबाहेर पडायला लागले. लेस्टरशायरमध्ये पायवाटांच्या खांबांचं टोक पिवळं रंगवलेलं असतं. एका पिवळ्या टोकापाशी पोचलं की कुंपणापलीकडे पुढचं दिसतं. मला नकाशा वाचता येत नव्हता तेव्हा त्या पिवळ्या ठिपक्यांनीच मला हा प्रदेश दाखवला. असं चालत चालत एकदा अँबियन टेकडीवर पोचले. टेकडी म्हणायची एवढंच. आपल्याकडे तिला उंचवटा म्हणतील. पण आजूबाजूचा प्रदेश इतका सपाट की तेवढ्या उंचीवरूनही लांबवर चर्चचे सुळके मोजता येतात. तिथे संग्रहालय होतं, निशाणं फडफडत होती, एका बाजूला झाडीत दगडी झोपडीसारखी विहीर होती. तिसऱ्या रिचर्डने २२ ऑगस्ट १४८५ रोजी शेवटचं पाणी प्यायलं ते हेच, असं सांगणारा लॅटिन शिलालेख त्यावर १८१३ मध्ये लावलेला. बॉसवर्थच्या लढाईत हेन्री ट्यूडरविरुद्ध लढताना तो पडला. लढाईत मारला गेलेला इंग्लंडचा शेवटचा राजा. वय बत्तीस. त्या झऱ्याच्या ओल्या दगडाला मी हात लावला आणि अंगावर काटा आला, हे मला आजही स्वच्छ आठवतं.

त्या शरद ऋतूत मी त्या टेकडीचा एक फोटो काढला. त्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तो चांगला फोटो आहे. इथल्या जुन्या कुरणांमध्ये जमिनीला लांबच लांब वळ्या दिसतात, पन्हळीच्या पत्र्यासारख्या. मध्ययुगात बैलांनी एकाच दिशेने वर्षानुवर्षं नांगरल्यामुळे माती मध्ये चढत गेली आणि कडेला सऱ्या पडल्या. पुढे त्या शेतांची कुरणं झाली, नांगर थांबला आणि त्या वळ्या गवताखाली तशाच राहिल्या. भर दुपारी त्या दिसतच नाहीत. सूर्य क्षितिजाला टेकायला आला, की प्रत्येक सरीत सावली भरते आणि पाचशे वर्षांपूर्वीचं नांगरट शेत वर येतं. दहा-बारा मिनिटं टिकतं. मी उतारावर वाकून उभी होते, बोटं गारठलेली, मेंढ्या कुठेतरी खोकत होत्या, आणि वळ्यांवरून केशरी उजेड टेकडीकडे सरपटत गेला. माथ्यावर एकच निशाण. मी एकच फोटो घेतला. दुसरा घ्यायचं भान राहिलं नाही. तो मोठा करून, चौकटीत घालून दिवाणखान्यात लावला.

२००८ च्या उन्हाळ्यात आई आली. सांगलीहून मुंबई, मुंबईहून हीथ्रो, व्हीलचेअरवर बसायला ठाम नकार देत. घरात पाऊल टाकल्यावर तिने आधी स्वयंपाकघर पाहिलं, मग नळाचं पाणी किती जोरात येतं ते पाहिलं आणि मग त्या फोटोसमोर येऊन थांबली. “हे कुठलं रान?” मी सांगितलं, इथे लढाई झाली होती, राजा पडला, त्याच्याच बाजूचे म्हणवणारे सरदार बघत उभे राहिले आणि त्यातला एक ऐन वेळी दुसऱ्या बाजूने उतरला. आईने सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे आपलं पानिपत तसं यांचं हे.” आमच्या घरी एखाद्याचा धंदा बुडाला, कुणाचा बारावीचा निकाल वाईट लागला, तरी ‘सगळं पानिपत झालं’ असंच म्हणत. पानिपत हे गाव आहे आणि तिथे शेतं आहेत, हे मला बरंच उशिरा कळलं. आई थोडा वेळ त्या वळ्यांकडे बघत राहिली. मग तिने पदर खांद्यावरून घेतला आणि फोटोला नमस्कार केला. डोळे मिटून, पुटपुटत. देवाला करतात तसा नव्हे, रस्त्यात प्रेतयात्रा दिसली की करतात तसा. पुढचे तीन महिने रोज सकाळी देवपूजा झाली की ती त्या फोटोकडे वळून हात जोडायची. मला आधी अवघडल्यासारखं झालं, मग सवय झाली, आणि ती परत गेल्यावर सकाळी त्या भिंतीसमोरून जाताना माझीच पावलं थबकायला लागली.

ती टेकडी चुकीची होती.

मला हे २००९ च्या ऑक्टोबरमध्ये कळलं आणि पुढच्या फेब्रुवारीत सगळा तपशील वर्तमानपत्रांत आला. चार-पाच वर्षं संशोधक मंडळी सुमारे सात चौरस किलोमीटर जमीन चाळत होती. जुनी शेतांची नावं, मातीचे थर, दलदलीचं पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची काळी माती, आणि मग मेटल डिटेक्टर घेऊन ओळीओळीने शेतातून चालणं. अँबियनच्या नैर्ऋत्येला सुमारे तीन किलोमीटरवर, फेन लेनच्या दोन्ही बाजूंना, शिशाचे गोळे सापडायला लागले. तीसहून जास्त. त्या काळच्या युरोपातल्या दुसऱ्या कुठल्याही रणांगणावर इतके मिळाले नव्हते. बर्गंडीच्या चार्ल्सची चांदीची नाणी मिळाली. आणि एका जुन्या दलदलीच्या कडेला चांदीचं, सोन्याचा मुलामा दिलेलं, अंगठ्याच्या पेराएवढं एक रानडुक्कर मिळालं. रानडुक्कर हे रिचर्डचं चिन्ह. असलं मौल्यवान पदक त्याच्या जवळच्याच कुणाच्या छातीवर असणार, आणि तो माणूस शेवटच्या चढाईत राजाबरोबर गेलेला असणार. मी ते नंतर संग्रहालयात काचेमागे पाहिलं. इतकं लहान की कुणाच्या कपड्यावरून तुटून चिखलात पडलं तर आवाजही होणार नाही.

बातमी वाचली तेव्हा मी फोटोखालीच बसले होते. राग आला नाही, कुणावर यायचा? पण काहीतरी हातातून काढून घेतल्यासारखं झालं. माझ्या अंगावर आलेला तो काटा कशासाठी होता मग? झऱ्याचा दगड ओला होता, एवढंच खरं होतं. आणि आईचे तीन महिन्यांचे नमस्कार! मी तो फोटो उतरवायला उठले आणि चौकटीला हात लावून तशीच उभी राहिले. तो उजेड खरा होता. त्या वळ्या खऱ्या होत्या. कदाचित १४८५ च्या ऑगस्टमध्ये त्याच सऱ्यांत गव्हाचं बुडखं उभं असेल आणि पळणाऱ्या कुणाच्या तरी टाचेत रुतलं असेल. सैन्य काही चौकोन आखून लढत नाही. तळ, कूच, पाठलाग यांत मैलच्या मैल तुडवले जातात. असं मी स्वतःला समजावलं आणि फोटो राहू दिला. आईला मात्र सांगितलं नाही. फोनवर ती विचारायची, “तो फोटो आहे ना गं भिंतीवर?” मी म्हणायची, आहे की.

टेकडीवर लोक अजूनही येतात. संग्रहालय तिथेच आहे आणि ते असायलाही हवं, कारण खऱ्या जागी शेती आहे, तिथे गाडी लावायलाही जागा नाही. राजा पडला त्या ठिकाणचा म्हणून वर्षानुवर्षं शेतात उभा असलेला स्मृतिपाषाण मात्र उचलून संग्रहालयाच्या अंगणात आणला. दगड हलवता येतो. माणसं ज्या वाटेने चाळीस वर्षं येत राहिली ती वाट हलवता येत नाही. विहिरीपाशी मला अनेकदा पांढरे गुलाब दिसतात, रिचर्डच्या यॉर्क घराण्याचं चिन्ह, प्लॅस्टिकच्या कागदासकट. पूर्वी मी फोटो घेताना ते कागद बाजूला करायची. आता करत नाही.

मग २०१२ मध्ये राजाच सापडला. लेस्टर शहराच्या मध्यात, कार पार्कखाली, माझ्या नेहमीच्या बाजारवाटेपासून दहा मिनिटांवर. ऑगस्टच्या २५ तारखेला खणायला सुरुवात झाली आणि पहिल्याच दिवशी पायांची हाडं दिसली. वाकलेला कणा. शरीरावर अकरा जखमा, त्यांतल्या नऊ कवटीवर. म्हणजे शिरस्त्राण गेलं होतं किंवा काढून घेतलं होतं. मेल्यावर त्याला नग्न करून घोड्यावर आडवं टाकून लेस्टरला आणलं होतं, हे आम्ही तोपर्यंत दंतकथेसारखं ऐकत होतो. आता त्या हाडांची छायाचित्रं वर्तमानपत्रात आली. माती बाजूला केलेली, आखूड खड्ड्यात बसवण्यासाठी मान वर उचललेली. मी बरेच फोटो काढते, पण तो फोटो बघताना वाटलं, हा काढताना त्या माणसाचे हात कसे स्थिर राहिले असतील.

मार्च २०१५ मध्ये त्याची शवपेटी लेस्टर कॅथीड्रलकडे नेली, ती मुद्दाम रणभूमीच्या गावांतून फिरवून. त्या दिवशी मी डॅडलिंग्टनला उभी होते. लहानसं गाव, मध्ये हिरवळ, कडेला सेंट जेम्सचं बुटकं चर्च. इतकी गर्दी त्या गावाने फार वर्षांत पाहिली नसेल. लोक पांढरे गुलाब घेऊन आले होते. माझ्या शेजारी एक बाई नातवाला उचलून उभ्या होत्या. पेटी समोरून गेली तेव्हा त्या रडत होत्या आणि नातू त्यांच्या गालावरचं पाणी बोटाने टिपत होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. गर्दी पांगल्यावर चर्चच्या आवारात फिरत राहिले. राजाला पाचशे तीस वर्षांनी का होईना, माणसं मिळाली. बाकीच्यांना कुठे नेलं? १५११ मध्ये आठव्या हेन्रीने, म्हणजे जिंकलेल्याच्या मुलाने, याच डॅडलिंग्टनच्या चर्चसाठी देणग्या गोळा करायला परवानगी दिली होती. इथे मेलेल्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना व्हाव्यात म्हणून. म्हणजे सव्वीस वर्षांनंतरही लोकांना माहीत होतं, की हाडं इकडे आणली. पायाखालचं गवत नुकतं कापलेलं होतं, ओलं, गोडसर वासाचं. नाव नसलेल्या माणसांचा फोटो कसा काढतात, हे मला त्या दिवसापासून कळेनासं झालं आणि त्याच दिवसापासून मी टेकडीवर जाणं कमी करून खालच्या गावांत फिरायला लागले.

स्टोक गोल्डिंगच्या चर्चच्या दगडावर खाचा आहेत. सैनिकांनी लढाईच्या आदल्या रात्री तलवारी घासल्या त्याच्या, असं गाव सांगतं. अशा खाचा इंग्लंडभर अनेक चर्चवर आहेत आणि विळ्या-कोयत्यांनीही पडू शकतात. मी तिथे बोट घालून पाहिलं. खाच गुळगुळीत, थंड, आत एका कोळ्याने जाळं विणलेलं. तो फोटो मी काढला आणि त्याखाली काहीच लिहिलं नाही. अँबियनने मला तेवढं शिकवलं होतं. गावाबाहेर क्राउन हिल आहे, तिथे नव्या राजाला मुकुट चढवला म्हणतात. त्याच्या खालून अॅशबी कालवा जातो, तो मात्र १८०४ चा. लांबट होड्यांच्या धुराड्यांतून कोळशाचा धूर येतो, तो पाण्यावर सपाट पसरतो. त्या वासाने मला कराडच्या स्टेशनवरची थंडीतली पहाट का आठवते, ते माहीत नाही, पण आठवते.

खऱ्या जागेचा फोटो काढणं सगळ्यांत अवघड गेलं. फेन लेनवर मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाऊण तासात परत आले. बघण्यासारखं तिथे काहीही नव्हतं. शेतं, झुडपांची कुंपणं, विजेचे खांब, एक वाकडं फाटक. कुंपणंही बहुतेक नंतरच्या काळातली. १४८५ मध्ये हा सगळा पट्टा उघडा होता. म्हणजे जे दिसतं ते तेव्हा नव्हतं, आणि जे होतं ते दिसत नाही. ती दलदल, जी लढाईला तोंड फुटण्याआधी हेन्रीच्या सैन्याने उजव्या हाताला ठेवली असं पुढच्या पिढीतल्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय, ती तर कधीच कोरडी करून नांगराखाली घेतलेली. लढाईनंतर लगेच लोक या जागेला बॉसवर्थ म्हणतही नव्हते. दुसऱ्याच दिवशी यॉर्क शहराच्या दप्तरात आपला राजा निर्दयपणे मारला गेल्याची, शहर दुःखात बुडाल्याची नोंद झाली, आणि जागेचं नाव होतं रेडमोर. लव्हाळ्यांची, बोरूची ओली जमीन. नाव बदललं, पाणी गेलं, बोरू गेले.

मी तिथे सगळं करून पाहिलं. धुक्यात गेले. बर्फात गेले. कुंपणाची ओळ टाळायला जमिनीला टेकून कॅमेरा लावला. एका वर्षी मोहरीसारख्या पिवळ्या रेपसीडच्या फुलोऱ्यात गेले. फोटो इतका सुंदर आला की मी तो काढून टाकला. मग माझ्या डोक्यात तारखेचं वेड शिरलं. लढाई २२ ऑगस्टची, पण ती तेव्हाच्या ज्युलियन पंचांगाची. आजच्या पंचांगात तो दिवस नऊ दिवस पुढे सरकतो, ३१ ऑगस्टवर जातो. दर वर्षी संग्रहालय बावीसच्या आसपास उत्सव करतं, पण सूर्य त्या सकाळी जिथे होता तिथे तो एकतिसाव्या तारखेला येतो. तारीख की तिथी, हा वाद शिवजयंतीच्या निमित्ताने ऐकत मोठ्या झालेल्या मुलीला हे समजावून घ्यायला दोन मिनिटंही लागली नाहीत. शिवाय आमचं उन्हाळी घड्याळ सूर्यापेक्षा तासभर पुढे. हे सगळं जुळवलं आणि ठरवलं, जागा बरोबर आहे, दिवस बरोबर आहे, निदान उजेड तरी तोच घेऊ. रिचर्डच्या डोळ्यांवर आलेला कोन. म्हणून त्या सकाळी मी तिथे होते, काळ्या बीन्ससमोर, आणि उजेड आला तोही साधाच. पांढरट. कुठल्याही सकाळी येतो तसा.

आणि तेव्हाच तो जीपवाला आला.

त्याने बोट ठेवलं ते फोटोच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर. तिथे पीक खुरटलेलं होतं, रोपं विरळ आणि मधूनच हिरवं गवत. मी ते फ्रेममधून जवळजवळ काढूनच टाकलं होतं. डाग वाटत होता. तो म्हणाला, “तो कोपरा कधी सुकत नाही. माझ्या आजोबांनी पाइप घातले, वडिलांनी घातले, मी घातले. वसंतात ट्रॅक्टर गेला की बसलाच.” आणि हसून, हात हलवून निघून गेला. त्याला लढाईबद्दल बोलायचं नव्हतं. त्याच्या शेतात अनोळखी बाई कशाला टक लावून बघतेय, एवढीच त्याची काळजी होती, आणि त्या शेतात बघण्यासारखी त्याला माहीत असलेली एकच गोष्ट त्याने मला दाखवली.

मी त्या ओल्या कोपऱ्याकडे बघत राहिले. माझ्या मामांचं रान कृष्णाकाठी आहे. उसाला पाणी देऊन देऊन तिथल्या किती जमिनी बिघडल्या ते सांगली-मिरजेकडच्या लोकांना सांगायला नको. मामांच्या रानाचाही एक तुकडा असाच गेला. वरून सुकलेला दिसायचा, पांढरी मिठासारखी पापडी धरायची, आणि पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. मी सात-आठ वर्षांची असताना त्यात माझी एक चप्पल गेली ती गेलीच. मामा म्हणायचे, चिबड झालंय ते, तिकडं जायचं नाही. या शब्दाचा आवाजच पाय उपसताना होतो तसा आहे. फेन लेनवर उभी राहून इतक्या वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडात आला, आणि मग एकदम दुसरं आठवलं. लढाईनंतर काही वर्षांतच समुद्रापलीकडे लिहिलेल्या एका वृत्तांतात आहे, की राजाच्या घोड्याने दलदलीत उडी घेतली आणि त्याला बाहेर पडता आलं नाही. हाच तो कोपरा असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायची चूक मी एकदा केलीय. दलदल मोठी असणार, आणि माणसांनी, पाइपांनी, पिकांनी तिची रेघ किती वेळा पुसली असेल. पण पाणी अजून खालून वर येत होतं. तीन पिढ्या त्याला बाहेर काढत होत्या आणि ते येत होतं.

फेब्रुवारीत मी परत गेले. आठवडाभर पाऊस झाला होता, मग एका रात्रीत गोठलं. रस्त्याच्या कडेच्या गवतावर कडक हिम, चालताना काच फुटल्यासारखा आवाज. पीक कधीच निघून गेलं होतं, माती उघडी, तांबूस करडी. आणि त्या कोपऱ्यात पाणी साचलेलं. मोठं नाही, आपल्या अंगणाएवढं. वर बर्फाची पातळ साय, मध्ये मोकळं काळं पाणी, त्यात आकाश. दोन टिटव्या कडेने चालत होत्या. मी या वेळी कोन शोधला नाही, उजेडाची वाट पाहिली नाही. कोपरा फ्रेमच्या मध्यात घेतला आणि बटण दाबलं. परत वळताना रस्त्याच्या कडेलाच माझा बूट खाली गेला, घोट्याच्या वर, आणि गार पाणी मोज्यात शिरलं. तो काढायला मला फाटकाला धरावं लागलं.

घरी येऊन मोजे हीटरवर टाकले आणि तो फोटो आईला पाठवला. सोबत काहीच लिहिलं नाही. ती आता ब्याऐंशीची आहे, डोळ्यांची दोन ऑपरेशनं झालीत, फोटो बघायला चष्मा काढून फोन नाकाशी धरते. दहा मिनिटांत तिचा फोन आला.

“अगं, हे कुणाचं रान? चिबड झालंय की पार.”

“इथलंच आहे आई.”

“बैल घालायचा नाही यात. रुतला की निघायचा नाही वर. जितकी धडपड करंल तितका आत.”

मी थोडा वेळ बोलले नाही. मग तिला सगळं सांगितलं. भिंतीवरचा फोटो, ती टेकडी, चुकीची जागा, सोनेरी इवलंसं रानडुक्कर, दलदल, घोडा. इतकी वर्षं न सांगितलेलं सगळं एका दमात. सांगताना माझा आवाज कापत होता आणि मला त्याचं आश्चर्य वाटत होतं. पलीकडून पंख्याचा आवाज येत होता आणि रस्त्यावरच्या भाजीवाल्याचा.

“मग त्या माणसानं चर काढले नाहीत का?” आईने विचारलं.

“काढलेत गं. त्याच्या आजोबांनीही काढले होते.”

“तरी पाणी येतंय?”

“तरी येतंय.”